पेशीच्या अंगावरची साखर आणि तिला जोडलेला आरएनए

शाळेत आपण सगळेच शिकलो की डीएनएमधली माहिती आरएनएवर उतरते, आरएनएवरून प्रोटीन बनतं आणि हे सगळं पेशीच्या आत चालतं. ते बरोबरच आहे. पण मे २०२१ मध्ये 'सेल' या जर्नलमध्ये स्टॅनफर्डच्या कॅरोलिन बर्टोझी यांच्या लॅबचा एक पेपर आला आणि त्यात म्हटलं होतं की काही छोटे आरएनए चक्क पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, तेही अंगावर साखरेच्या साखळ्या लावून. याला त्यांनी नाव दिलं ग्लायकोआरएनए. मूळ काम रायन फ्लिन यांचं, ते तेव्हा तिथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर काम करणारे संशोधक, होते. त्यानंतर गेल्या काही वर्षांत यावर बरंच काम झालंय, भांडणंही झालीत, आणि आता यातून ल्युपससारख्या आजारांपर्यंत धागा जायला लागलाय, म्हणून हे सगळं एकदा नीट सांगावंसं वाटलं.

आधी साखरेबद्दल बोलू. साखर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फक्त गोड चव आणि एनर्जी येते, पण आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या बाजूला साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांचं दाट आवरण असतं. या साखळ्यांना म्हणतात ग्लायकन. काही प्रोटीनला जोडलेल्या असतात, काही पेशीपटलातल्या चरबीच्या रेणूंना. बाहेरून कुणीही पेशीला भेटायला आलं, मग तो व्हायरस असो, बॅक्टेरिया असो की शेजारची पेशी, त्याची पहिली गाठ या साखरेशी पडते. तुमचा ब्लड ग्रुप म्हणजे तरी काय, लाल पेशींवरच्या साखळीच्या टोकाला कुठली साखर आहे एवढंच. ए ग्रुपमध्ये एक साखर, बी मध्ये त्या जागी दुसरी, ओ मध्ये ती शेवटची साखरच नाही. एवढ्याशा फरकावरून चुकीचं रक्त चढलं तर जीव जाऊ शकतो, यावरून शरीर ही साखर किती बारकाईने वाचतं ते लक्षात येईल.

या साखरांमधली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सायलिक ॲसिड. नऊ कार्बनची, ऋण प्रभार असलेली साखर, आणि ती बहुतेक वेळा साखळीच्या अगदी टोकाला बसते. फ्लूचा व्हायरस आपल्या पेशीला धरतो तो या सायलिक ॲसिडला धरूनच. एच१एन१ मधला एच म्हणजे ते धरणारं प्रोटीन आणि एन म्हणजे तेच सायलिक ॲसिड कापणारं एन्झाइम, कारण नवे व्हायरस तयार झाले की त्यांना त्या पेशीपासून सुटायचं असतं ना. टॅमिफ्लू नावाने मिळणारं औषध या एनलाच अडवतं. म्हणजे पेशीवरच्या साखरेची केमिस्ट्री समजून घेऊन बनवलेलं औषध कधीचंच वापरात आहे.

आपली इम्यून सिस्टिमसुद्धा सायलिक ॲसिड बघते. तिच्या पेशींवर सिग्लेक नावाचे रिसेप्टर असतात, माणसात डझनाहून जास्त प्रकारचे, आणि त्यातल्या बहुतेकांचं काम म्हणजे समोर सायलिक ॲसिड दिसलं की 'ही आपलीच पेशी आहे, शांत राहा' असा निरोप आत पाठवायचा. कॅन्सरच्या कितीतरी पेशी याच गोष्टीचा फायदा घेतात, त्या अंगावर सायलिक ॲसिड वाढवून ठेवतात आणि इम्यून पेशी त्यांना सोडून देतात. २०१६ मध्ये बर्टोझींच्या गटाने ब्रेस्ट कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडीला सायलिक ॲसिड कापणारं एन्झाइम जोडून दाखवलं की लॅबमध्ये कॅन्सर पेशीवरची ही साखर उडवली तर इम्यून पेशी तिला जास्त चांगलं मारतात.

आता प्रश्न येतो की एवढं सगळं साखरेवर चालत असेल तर तिच्याबद्दल आपण इतकं कमी का ऐकतो, तर त्याचं कारण सरळ आहे, साखर अभ्यासायला फार अवघड आहे. प्रोटीनचा जीन असतो, तो बदलता येतो, त्याला चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन जोडून ते पेशीत कुठे जातं ते मायक्रोस्कोपखाली बघता येतं. ग्लायकनचा असा थेट जीन नसतो. वीसतीस एन्झाइम मिळून, एकामागून एक, साखळी बनवतात आणि एकाच प्रोटीनवरसुद्धा दोन ठिकाणी दोन वेगळ्या साखळ्या असू शकतात. मग अशा गोष्टीला खूण करायची कशी?

इथे केमिस्ट्री आली, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा खरा नायक तीच आहे. बर्टोझींची कल्पना अशी की पेशीला एक खोटी साखर खायला द्यायची, जी खऱ्या साखरेसारखीच दिसते पण तिच्यावर एक छोटासा जादा गट लावलेला असतो. पेशीला फरक कळत नाही, ती ती साखर घेते, तिचं सायलिक ॲसिड बनवते आणि नेहमीसारखं साखळीच्या टोकाला लावून बाहेर पाठवते. १९९७ मध्ये त्यांनी हे कीटोन गट वापरून करून दाखवलं. पुढे २००० पासून त्या अझाइड वापरायला लागल्या. अझाइड म्हणजे ओळीत तीन नायट्रोजन अणू, आकाराने अगदी छोटा, आपल्या पेशींमध्ये निसर्गतः सापडत नाही आणि पेशीतल्या इतर कशाशी सहसा काही देणंघेणं ठेवत नाही.

मग त्या अझाइडला पकडायला जोडीदार हवा. साधारण त्याच काळात, २००२ मध्ये, बॅरी शार्पलेस आणि मॉर्टेन मेल्डाल यांनी वेगवेगळं काम करत दाखवलं होतं की अझाइड आणि अल्काइन यांना तांब्याच्या मदतीने पटकन आणि पक्कं जोडता येतं, टिचबटण कसं टिच करून बसतं तसं, आणि म्हणूनच याला क्लिक केमिस्ट्री म्हणतात. पण तांबं जिवंत पेशीला विषारी. बर्टोझींच्या गटाने २००४ मध्ये यातून वाट काढली. अल्काइनमधला तिहेरी बंध सरळ रेषेत राहू पाहतो, त्यांनी त्याला आठ कार्बनच्या कड्यात वाकवून बसवलं. वाकल्यामुळे त्यात ताण असतो, अझाइड भेटला की तो ताण मोकळा होतो आणि दोघं जोडले जातात, तांबं लागतच नाही. जिवंत पेशीत, पेशीच्या कामात लुडबुड न करता होणाऱ्या अशा रिॲक्शनना बायोऑर्थोगोनल म्हणतात. २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल या तिघांना मिळालं ते याचसाठी, आणि शार्पलेस यांचं तर ते दुसरं नोबेल.

आता फ्लिन यांचा प्रयोग समजायला सोपा जाईल. त्यांनी पेशींना अझाइडवाली साखर दिली, मग त्या पेशींमधून आरएनए वेगळा काढला. आरएनए काढताना प्रोटीन आणि चरबी बाजूला करतात, वरून प्रोटीन पचवणारं एन्झाइमही घातलं. आता या स्वच्छ केलेल्या आरएनएत अझाइड असायचं काही कारणच नाही, कारण अझाइड साखरेत गेला, साखर प्रोटीन आणि चरबीवर गेली आणि ते दोन्ही काढून टाकलं. तरी त्यांनी अझाइडला पकडणारा, बायोटिन नावाची खूण लावलेला जोडीदार त्यात टाकला, आरएनए जेलवर पळवला, म्हणजे विजेच्या जोरावर रेणू आकारानुसार वेगळे केले, तो पडद्यावर उतरवला आणि बायोटिन कुठे दिसतंय ते बघितलं. जेलच्या अगदी वरच्या बाजूला, जिथे खूप मोठे, हळू सरकणारे रेणू अडकतात तिथे, पट्टा दिसला.

एक पट्टा दिसला म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. मग एकेक शंका तपासली. आरएनए कापणारं एन्झाइम टाकलं, पट्टा गायब. डीएनए कापणारं टाकलं, पट्टा तसाच. सायलिक ॲसिड कापणारं टाकलं, पट्टा गायब. प्रोटीनवरच्या एका विशिष्ट प्रकारच्या साखळ्या, ज्यांना एन-ग्लायकन म्हणतात, त्या सोडवणारं एन्झाइम टाकलं तर पट्टा खूपच फिका. शिवाय ज्यांच्यावर साखर होती ते आरएनए छोटे निघाले, दोनशे अक्षरांच्या आतले, म्हणजे जेलवर ते एवढे मोठे असल्यासारखे वागत होते ते स्वतःच्या लांबीमुळे नव्हे. पुढे जिवंत, अख्ख्या पेशींवर बाहेरूनच सायलिक ॲसिड कापणारं एन्झाइम टाकलं तरी सिग्नल कमी झाला, आणि हे एन्झाइम तर आत जात नाही, म्हणजे तो आरएनए बाहेरच्या अंगाला होता. सिग्लेकपैकी ११ आणि १४ नंबरचे रिसेप्टर या आरएनएवाल्या पृष्ठभागाला चिकटतात असंही दिसलं, त्यातला ११ इम्यून पेशीला आवरणारा आणि १४ तिला चेतवणारा.

यात एक मोठी अडचण होती आणि जीवशास्त्र शिकलेल्या कुणालाही ती लगेच जाणवेल. एन-ग्लायकन लावायचं काम एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम आणि गॉल्जी या पेशीतल्या, पडद्याने वेढलेल्या कप्प्यांच्या पोटात चालतं. आरएनए असतो केंद्रकात आणि पेशीद्रवात. मध्ये पडदा. मग आरएनए त्या पोटात शिरला कसा? आणि एन-ग्लायकन प्रोटीनमधल्या अ‍ॅस्पॅराजिन नावाच्या अमिनो ॲसिडवर लागतं, आरएनएत अमिनो ॲसिड कुठून आणणार?

त्यामुळे आक्षेप आले आणि ते यायलाच हवे होते. सगळ्यात गंभीर आक्षेप असा की साखरेने लगडलेली काही प्रोटीनं इतकी चिवट असतात की आरएनए काढायच्या पद्धतीत ती आरएनएच्या सोबतच बाहेर येतात, आणि आपण जी साखर आरएनएवर समजतोय ती मुळात या प्रोटीनवरची आहे. मग आरएनए कापला की सिग्नल का जातो, तर शुद्धीकरणाच्या गाळणीसारख्या कॉलममध्ये ती प्रोटीनं टिकतात ती आरएनएच्या आधाराने, आरएनएच नसला तर तीही वाहून जातात. मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो, कारण यात कुणाला खोटं ठरवायचं नाहीये, नेमकं बोट एका पायरीवर ठेवलंय आणि ती पायरी कुणीही तपासून बघू शकतो.

२०२४ मध्ये फ्लिन यांच्या गटाने, तोवर ते बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये स्वतःची लॅब चालवत होते, यावर एक ठोस उत्तर दिलं. आरएनए म्हणजे चार अक्षरं एवढंच आपण शिकतो, पण पेशी त्या अक्षरांवर नंतर दीडशेहून जास्त प्रकारचे बारीक बदल करते. त्यातला एक बदल म्हणजे एसीपी३यू, म्हणजे यू या अक्षरावर एक छोटी शाखा लावलेली असते आणि ती शाखा दिसायला अमिनो ॲसिडसारखीच आहे! टीआरएनएमध्ये, म्हणजे प्रोटीन बनताना अमिनो ॲसिड आणून देणाऱ्या आरएनएमध्ये, हा बदल आहे हे अनेक वर्षं माहीत होतं, पण तो कशासाठी आहे ते नीट कळत नव्हतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वजन मोजून ते ओळखण्याच्या पद्धतीने, त्यांनी दाखवलं की एन-ग्लायकन याच शाखेला जोडलेलं असतं, आणि हा बदल करणारं डीटीडब्ल्यूडी२ नावाचं एन्झाइम पेशीतून काढून टाकलं तर ग्लायकोआरएनए कमी होतो. याच कामात एक नवी पद्धतही आली, ज्यात खोटी साखर खायला घालायची गरज नाही, पेशीच्या स्वतःच्या सायलिक ॲसिडवरच सौम्य रासायनिक क्रिया करून त्याला खूण लावता येते. त्यामुळे जिथे पेशींना असं काही खायला घालणं शक्य नसतं, जसं आधीच काढून ठेवलेले टिश्यूचे नमुने, तिथेही बघता येतं. प्रोटीनच्या भेसळीचा प्रश्न यामुळे पूर्ण मिटला असं नाही, कुठल्या नमुन्यात किती सिग्नल खरा आणि किती भेसळीचा हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावंच लागतं, पण आरएनएला साखर जोडायला जागाच नाही हा आक्षेप आता उरत नाही.

बरं, असेल आरएनए बाहेर, पण तो करतो काय?

जानेवारी २०२४ मध्ये येल विद्यापीठाच्या एका गटाने न्यूट्रोफिलवर काम छापलं. न्यूट्रोफिल म्हणजे शरीरात कुठे इन्फेक्शन झालं की सगळ्यात आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तातून वाहत येतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला अडकतात, त्यावरून घरंगळतात आणि मग भिंतीतून पलीकडे जातात. उंदरांच्या न्यूट्रोफिलवरचा आरएनए बाहेरून एन्झाइमने कापून टाकला तर त्या सूज असलेल्या जागी नीट पोचेनात. भिंतीच्या पेशींवर पी-सिलेक्टिन नावाचं प्रोटीन असतं, त्याचं काम साखर धरायचं, आणि ते हा ग्लायकोआरएनए धरतं असं दिसलं. पडदा ओलांडण्याच्या प्रश्नावरही इथे एक दुवा मिळाला, कारण एसआयडीटी नावाचे जीन, जे आरएनए पेशीपटलापलीकडे नेण्याशी जोडलेले आहेत, त्यांची यात गरज लागते असं निघालं. २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली, ती म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर ग्लायकोआरएनए आणि आरएनएला धरणारी प्रोटीनं मिळून छोटे छोटे घोळके करतात, आणि एचआयव्हीच्या टॅट प्रोटीनमधला जो तुकडा पेशीत घुसण्यासाठी प्रसिद्ध आहे तो आत जायला या घोळक्यांचा आधार घेतो.

पण मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती २०२५ मध्येच 'नेचर'मध्ये आलेल्या कामाची, फ्लिन आणि कनेक्टिकट विद्यापीठाचे विजय रथिनम यांच्या गटांचं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आपल्या इम्यून पेशींमध्ये टीएलआर-३ आणि टीएलआर-७ नावाचे रिसेप्टर असतात, पेशी बाहेरचं काही गिळते त्या पिशव्यांमध्ये ते बसलेले असतात आणि त्यांचं काम म्हणजे तिथे आरएनए आला की धोक्याची घंटा वाजवायची, कारण गिळलेल्या मालात आरएनए म्हणजे बहुधा व्हायरस. काटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की आरएनएच्या अक्षरांत छोटे रासायनिक बदल केले की ही घंटा वाजत नाही, आणि त्याच समजुतीवर पुढे कोविडच्या एमआरएनए लसी उभ्या राहिल्या, २०२३ चं मेडिसिनचं नोबेल त्याचंच.

आता विचार करा, आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि इम्यून पेशी त्या गिळून साफ करतात. त्या मेलेल्या पेशींच्या अंगावर जर आरएनए असेल तर गिळल्यावर दर वेळी घंटा वाजायला हवी. वाजत नाही. का वाजत नाही, तर या गटांनी दाखवलं की त्या आरएनएवरची साखर काढून टाकली तर तोच आरएनए टीएलआर-३ आणि ७ ला जागं करतो आणि सूज आणणारा प्रतिसाद सुरू होतो. म्हणजे एसीपी३यू ही जागा उघडी पडली की ती धोक्याची खूण ठरते आणि साखर तिला झाकून ठेवते. मेलेली पेशी गुपचूप, सूज न येता साफ होण्यात या साखरेचा हात आहे. हे वाचल्यावर आधीच्या कितीतरी गोष्टी एका ओळीत आल्यासारख्या वाटल्या.

कारण इथून ल्युपस फार लांब नाही. ल्युपस म्हणजे इम्यून सिस्टिम आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार, सांधे, त्वचा, किडनी कुठेही हल्ला, आणि दहातल्या साधारण नऊ पेशंट बायका असतात. ल्युपसच्या अनेक पेशंटच्या रक्तात रो आणि ला नावाच्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. ही प्रोटीनं पेशीत वाय आरएनए नावाच्या छोट्या आरएनएला धरून असतात, माणसात ते चार प्रकारचे असतात आणि १९८१ मध्ये जोन स्टाइट्झ यांच्या लॅबने ते शोधले तेच मुळी ल्युपस पेशंटच्या अँटिबॉडी वापरून. आणि २०२१ च्या त्या पहिल्या पेपरमध्ये साखर लागलेल्या आरएनएच्या यादीत हेच वाय आरएनए ठळकपणे होते. दुसरीकडे टीएलआर-७ चा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, आणि बायकांमध्ये एक्स दोन असतात, आणि २०२२ मध्ये असंही दाखवलं गेलं की त्या जीनमधल्या एका अक्षराच्या बदलाने रिसेप्टर जास्तच जागा राहिला तर ल्युपस होऊ शकतो. धागे एकमेकांजवळ आलेत हे नक्की. पण ल्युपस ग्लायकोआरएनएमुळे होतो असं कुणीही सिद्ध केलेलं नाही, आणि तसं कुठे लिहिलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका.

कॅन्सरचंही तेच. २०२३ मध्ये टेक्सस विद्यापीठातल्या यी लू यांच्या गटाने एक अशी पद्धत बनवली ज्यात साखर आणि आरएनए दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळ असतील तरच सिग्नल मिळतो, म्हणजे एकाच पेशीवर ग्लायकोआरएनए नेमका कुठे आहे ते बघता येतं. ब्रेस्टच्या पेशींमध्ये त्यांना दिसलं की पेशी जितकी जास्त घातक तितका पृष्ठभागावरचा ग्लायकोआरएनए कमी. आधी म्हटलं तसं, सायलिक ॲसिड तर बऱ्याच कॅन्सरमध्ये वाढतं, आणि इथे सायलिक ॲसिडवाला आरएनए कमी होतोय, म्हणजे प्रोटीनवरची साखर आणि आरएनएवरची साखर या दोघींचं वागणं एकच धरून चालणार नाही. यावरून एखादी तपासणी निघेल अशी आशा आहे, पण हे निष्कर्ष लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवरचे आहेत. ग्लायकोआरएनए मोजून आजार सांगणारी टेस्ट आज डॉक्टरांच्या वापरात नाही, यावर चालणारं औषध तर नाहीच नाही, तेव्हा कुणी या नावाने महागडी तपासणी किंवा सप्लिमेंट विकायला आलं तर सरळ नाही म्हणा.

आता जी कामं पुढे व्हायला हवीत त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पेशंटच्या नमुन्यांवरचं. ल्युपस असलेल्या माणसांच्या मेलेल्या पेशींवरच्या आरएनएची साखर निरोगी माणसांपेक्षा कमी आहे का, असेल तर ती लावणारं एन्झाइम कमी पडतंय की कापणारं जास्त झालंय, आणि हा फरक आजार उफाळण्याच्या आधी दिसतो की नंतर. आधी दिसला तर ती साखर टिकवून ठेवणं हा उपचाराचा नवा मार्ग होऊ शकतो, नंतर दिसला तर तो आजाराचा परिणाम आहे आणि औषध शोधायला दुसरीकडे बघावं लागेल. खोटी साखर खायला न घालता थेट नमुन्यावर चालणारी पद्धत आता हातात आहे, त्यामुळे हा प्रश्न निदान विचारता येण्यासारखा झालाय, पाच वर्षांपूर्वी तोही नव्हता.